डाव्या गालाचा शेड नंबर

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. तो तुला सगळ्यात शेवटी पोचेल, कारण तू पत्र खालून वर वाचतेस. (आई तुला वसतिगृहावर पत्रं पाठवायची तेव्हा खरी बातमी ताज्या कलमात लिहायची, त्यामुळे तुला ही खोड लागली. मला वसतिगृहावर कोणी पाठवलंच नाही, म्हणून मी सरळ वाचते.) तेव्हा आधीच सांगून ठेवते, की या पत्राच्या ताज्या कलमात महत्त्वाचं असं काहीही नाही. जे काही आहे ते मध्ये आहे, आणि मधलं वाचल्याशिवाय तुझी सुटका नाही. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही, म्हणून ते दिवसातून एकदाच चढतात आणि त्याबद्दल दिवसभर बोलतात. तुझी प्रकृती कशी आहे हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. तू 'मजेत' म्हणणार हे मला माहीत आहे. गेली दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर मला तुझ्याऐवजी तुमच्या दिवाणखान्याचा पंखा दिसतो. पंखा मात्र खरोखर मजेत आहे.

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला येता येणार नाही, हा तुझा निरोप मिळाला. कारणही समजलं. तुझं मोजणी खातं मी काही आज ओळखत नाही. वर्षभर जमिनीच्या हद्दी जागच्या जागी असतात आणि नेमक्या पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला हलतात, त्याला तू तरी काय करणार. बाबा निरोप ऐकून 'बरं' म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता. त्यांनी त्या दिवशी फोटोवाल्याला घरी बोलावलं आहे. मधे एक खुर्ची, त्यात ते, एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला मी, एवढा एकच फोटो त्यांना हवा आहे. बाकी केक वगैरे आम्ही आमच्या हौसेनं करतो आहोत. मला वाईट वाटलं, हे लिहून टाकते म्हणजे पुढे विनोद करायला मोकळी. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू विषय बदलतेस. पत्रात विषय बदलायचा हक्क माझा, आणि तो मी आता बजावते.

विषय माझा डावा गाल. तुला तो वांगाचा डाग माहीत आहेच. धाकट्याच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा आला, बाळ मोठं झालं, शाळेत गेलं, दाढी करायला लागलं, तरी डाग आपल्या जागी. थंडीत फिकट व्हायचा, उन्हाळ्यात परत यायचा, आणि परत येताना दर वेळी थोडी जास्त जागा घ्यायचा. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असते तर लोकांनी चोरून पाहिलं असतं. मी रंगाच्या दुकानात आहे. इथे माझ्या तोंडाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं की रंग लागलाय. एका बाईंनी पर्समधून ओला रुमाल काढून दिला. एका ठेकेदारांनी शेल्फवरून थिनरची बाटली उतरवली आणि चिंधीचा बोळा करून माझ्याकडे यायलाही निघाले (माणूस भला होता, म्हणूनच जास्त भीती वाटली). शेवटी मी 'हा धुऊन जाणारा नाही' एवढंच उत्तर ठेवलं. त्यावर आमचे रंगारी काका, जे तीस वर्षं आमच्याच दुकानातून माल नेतात, मालकांना म्हणाले, की एवढा टिकाऊ रंग असेल तर आम्हाला का दाखवत नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाई फार कमी बोलतात. त्यांनी भिंगातून पाहिलं, खोलीत अंधार करून निळसर दिव्यात पाहिलं, घरात आणखी कोणाला आहे का ते विचारलं (आईचं सांगितलं, तुझंही सांगितलं, रागावू नकोस, डॉक्टरांपुढे खोटं बोलायला वेगळी हिंमत लागते), आणि मग म्हणाल्या, "हा फिकट होईल, पुन्हा येईल. याला घालवायचं नाही, सांभाळायचं." मी चिडायला हवं होतं. पण ओल येणाऱ्या भिंतीबद्दल गिऱ्हाइकांना मी बावीस वर्षं अगदी याच आवाजात हेच सांगत आले आहे, त्यामुळे मला त्या एकदम घरच्या वाटल्या. मग पथ्यं आली. सनस्क्रीन रोज, घरात असले तरी, दुकानात तर नक्कीच, कारण आमच्या दुकानाची दर्शनी बाजू सगळी काचेची आहे. दोन बोटांवर लांब दोन रेघा काढायच्या आणि ते सगळं तोंडाला-मानेला लावायचं, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. बाहेर रुंद काठाची टोपी. उष्णतेपासून शक्य तितकं लांब. रात्री एक जोरदार क्रीम, पण मोजून आठ आठवडे. मग ते बंद, त्याजागी सौम्य क्रीम, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. सनस्क्रीन रंगाची छटा असलेलं दिलं, कारण नुसता प्रकाशही या डागाला पुरतो म्हणे. डबीवरची यादी वाचली तर त्यात आयर्न ऑक्साइड. ताई, लोखंडी ग्रिलला गंज धरू नये म्हणून मी जे डबेच्या डबे विकते त्याच घराण्यातलं. रंगारी काकांनी डबी हातात घेतली, वाचली आणि गंभीरपणे विचारलं की खाली प्रायमर मारतेस ना.

आता इथून माझी हुशारी सुरू होते, तेव्हा नीट वाच. डॉक्टरबाई दर खेपेला फोटो काढतात. पण फोटोतल्या रंगावर माझा विश्वास नाही. माझं पोटच रंग जुळवण्यावर चालतं. लोक भिंतीचा पोपडा आणतात, पडद्याची चिंधी आणतात, एकदा तर एकाने म्हाताऱ्या मांजराचा फोटो आणून 'या कानाचा रंग' म्हटलं होतं, आणि मी तो दिला. तेव्हा स्वतःचा गाल मला मोजता येऊ नये? मी दुकानातलं एक नवं शेडकार्ड घेतलं, तपकिरी छटांचं पान उघडलं आणि वही घातली. धंद्याचा नियम असा, की रंग नेहमी त्याच उजेडात, त्याच वेळी, त्याच जागी पाहायचा. मी दर सोमवारी बरोबर दहाला दुकानाच्या त्याच खिडकीपाशी, त्याच स्टुलावर, एका हातात आरसा आणि गालाला कार्ड लावून बसायची. जागा जराही बदलू नये म्हणून ते कार्ड मी खिडकीच्या कट्ट्यावर त्या पानावर उघडंच ठेवलं आणि 'हलवू नये' अशी चिठ्ठी लावली. पहिल्या सोमवारी गाल 'भाजकी माती', नंबर नऊ. (ही नावं कंपनीतलं कोणीतरी ठेवतं. मला त्या माणसाला एकदा भेटायचं आहे.) आठ आठवड्यांनी गाल 'ओली वाळू', नंबर सहा. मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. मालकांना वाटलं मोठी ऑर्डर मिळाली.

जोरदार क्रीम सांगितल्याप्रमाणे बंद केलं, सौम्य सुरू केलं. तीन-चार सोमवार सहाचे सहा. मग एका सोमवारी सहा जुळेना, साडेसहा म्हणावं असं झालं. मग सात. मग 'जुनी चामडी पिशवी', म्हणजे आठ. पथ्य तर डोळ्यांत तेल घालून चाललेलं. मी सगळ्यांकडे संशयानं पाहायला लागले. शेगडीकडे पाहिलं, आणि स्वयंपाक यांच्या गळ्यात टाकला (तीन आठवडे आम्ही भात खाल्ला, कारण यांना दुसरं काही येत नाही). घरातला पिवळा दिवा बदलला. मोबाइल हात लांब करून वाचायला लागले, त्यावरून मुलांनी मला म्हातारी ठरवलं. हे घड्याळं दुरुस्त करतात हे तुला माहीत आहेच. एकदा भात वाढताना म्हणाले, "दोन घड्याळांत फरक पडला तर आधी चुकलंय कोणतं ते ठरवावं लागतं." मी म्हटलं, माझ्या गालाला काटे नाहीत. ते भात वाढत राहिले, आणि मीही तो विषय तिथेच सोडला.

त्याच सुमारास एक दातांचे डॉक्टर आले. त्यांना दवाखान्यात लोक बसतात त्या खोलीच्या भिंतींसाठी शांत रंग हवा होता. खिडकीतलं कार्ड पाहून त्यांनी पाच नंबर पसंत केला, मी पाच नंबर बनवून दिला. आठवड्यानं परत आले, म्हणाले भिंत कार्डापेक्षा गडद आली. मी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं की मोठ्या भिंतीवर रंग गडदच वाटतो, डोळ्यांची सवय असते, आठ दिवसांत बसेल. ते मवाळ गृहस्थ आहेत, हळू आवाजात 'असेल' म्हणाले. दोनदा आले, दोन्ही वेळा मी त्यांच्या डोळ्यांना दोष देऊन परत पाठवलं. (दुसऱ्या खेपेला तर मी त्यांना चष्म्याच्या दुकानाचा पत्ताही दिला.)

नंबर आठ पक्का झाल्यावर माझा धीर सुटला. आणि मग मला कपाटातली तुझी ट्यूब आठवली. दोन वर्षांपूर्वी शेवटची आली होतीस तेव्हा तूच उशाशी ठेवून गेली होतीस, रामबाण आहे म्हणून. मी डॉक्टरबाईंना न विचारता ती लावायला सुरुवात केली. आता तू म्हणशील, मग? तर पहिले आठ दिवस तुझं म्हणणं शंभर टक्के खरं. गाल असा उजळला की मी वहीत नंबर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. वाटलं, एवढी वर्षं ताईचं ऐकलं नाही ही चूकच झाली. दहाव्या दिवशी चुरचुरायला लागलं. बाराव्या दिवशी गाल तपकिरी पानावरून उठला आणि थेट लाल पानावर गेला. साधं पाणी लागलं तरी आग व्हायची. रंगारी काकांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, रेड ऑक्साइड आलं वर."

मग मात्र वही, कार्ड आणि ट्यूब, तिन्ही पिशवीत घालून डॉक्टरबाईंकडे गेले. वहीत मी आलेखही काढला होता, शाळेत तू शिकवला होतास तसा, दोन्ही रेघांवर मापं लिहून. बाईंनी तो अगदी मनापासून पाहिला. मग त्यांनी आपले फोटो बाहेर काढले, तिन्ही खेपांचे, आणि शेजारी शेजारी मांडले. लालीचा भाग सोडून बाकीचा डाग प्रत्येक खेपेला थोडा फिकटच होत गेला होता. मी म्हटलं, पण वहीत तर तो गडद झालाय. त्या म्हणाल्या, "वही छान आहे. गाल तसं म्हणत नाही." मग कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि विचारलं की हे एरवी कुठे असतं. मी अभिमानानं सांगितलं, खिडकीत, कोणी हलवू नये म्हणून चिठ्ठी लावलीय. ताई, हे वाक्य पूर्ण व्हायच्या आतच मला माझाच आवाज ऐकू आला. दिवसातून दहा वेळा मी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट बजावते, की शेडकार्ड उन्हात ठेवू नका, रंग उडतात. बाई जराही हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सनस्क्रीन लावलंत. कार्डाला कोणी लावलं नाही."

दुकानात येऊन कपाटातलं बंद पाकिटातलं कार्ड काढलं आणि खिडकीतल्या कार्डाशेजारी धरलं. जुना आठ म्हणजे नवा पाच. चहा पाजला त्या दिवशीचा सहासुद्धा खरा साडेपाचच असणार, कारण पहिल्या आठ आठवड्यांतही ते कार्ड उडतच होतं. म्हणजे मी बरी होत होते आणि आजारी कार्ड होतं, आणि त्या कार्डाच्या आजारावर मी माझ्या गालाला तुझी ट्यूब चोळली. वाट पाहणं हेच ज्याचं औषध होतं, त्यात मी बारा दिवस घाई केली आणि तीन महिने मागे गेले. यांना सांगितलं. यांनी 'हं' म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून भात करायचं बंद केलं. मग मी दातांच्या डॉक्टरांकडे माफी मागायला गेले, भिंत फुकट पुन्हा रंगवून देते म्हणाले. ते म्हणाले, आता सवय झाली, लोकांना आवडते, आणि चष्म्याचा नंबरही बदललेला निघाला. मी तो विषय वाढवला नाही.

आता लाली उतरली आहे. पुन्हा सौम्य क्रीम, पुन्हा दोन बोटं, पुन्हा टोपी. डाग आहे, फिकट आहे. येत्या उन्हाळ्यात थोडा वर येईल, मग बसेल. आता मी सोमवारी मोजत नाही. तीन महिन्यांनी बाई मोजतील, त्यांना सवड आहे. गिऱ्हाइकं अजून रुमाल काढतात, आणि मी अजून तेच उत्तर देते. एकंदरीत माझं बरं चाललं आहे आणि तुलाही फार काही कळवायचं नव्हतं. भाऊजींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझी ट्यूब परत पाठवत नाही. ती डॉक्टरबाईंनी ठेवून घेतली. आधी वेष्टण वाचलं, मग विचारलं कोणी दिली. मी म्हटलं बहिणीनं, ती नऊ वर्षं रोज लावते. तोवर त्या काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या महिन्यांत त्यांनी पेन खाली ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यात स्टेरॉइड आहे, ताई. इतकी वर्षं लावलं की कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसायला लागतात, उन्हात आणि शेगडीपुढे आग होते, आणि सोडायला गेलं की सगळं उसळतं, म्हणून माणूस सोडत नाही. मी त्यांना तुझ्या पंख्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. एकदम बंद करू नका म्हणावं. आधी मला पाहू दे."

ता. क. २. तुझ्या नावानं वेळ घेतली आहे. अकरा तारखेला, सकाळी साडेदहा. वाढदिवस बाराला. भाऊजी म्हणाले की तुझी रजा कधीच मंजूर झाली आहे आणि हद्दी सगळ्या जागेवर आहेत. त्यांच्यावर रागावू नकोस, मी काही विचारलंच नव्हतं. ते फोन उचलला की आपणहून बोलतात.

ता. क. ३. परवा बाबांना फोटोसाठी आईचा एखादा चांगला फोटो शेजारी ठेवायचा होता, म्हणून सगळे अल्बम काढले. ताई, आईचा समोरून काढलेला एकही फोटो घरात नाही. प्रत्येकात ती तुझ्या नाहीतर माझ्या डोक्यामागे आहे, नाहीतर डावा गाल वळवून कोणाशीतरी बोलते आहे. बाबांनी अल्बम मिटला आणि माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आता हेसुद्धा रुमाल काढणार. म्हणाले, "तुम्ही दोघी मला समोरून हव्यात." मग फोटोवाल्याला त्यांनी स्वतः फोन केला आणि बजावलं, की दोन्ही मुलींच्या गालावरचं काहीही पुसायचं नाही.

ता. क. ४. तू इथूनच वाचायला सुरुवात केली आहेस हे मला माहीत आहे, म्हणून सगळं इथेच लिहिलं. मधलं गाडीत वाच, प्रवास लांबचा आहे. टोपी घालून ये. नमस्कार वर आहे.